पहिले महायुद्ध आणि मराठा सैनिकांची कुटुंबे

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांच्या सैन्याने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. त्यात मराठा पलटणींचे शिपाईही होते. इतिहासग्रंथांत हा प्रसंग युद्धनीतीच्या अंगाने येतो. गावी राहिलेल्या पत्नीच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ निराळा होता : वार्ता दुर्मिळ, पदरी लहान मुले आणि आधार ११ रुपये मासिक वेतनातील हिश्शाचा. सासरचे एकत्र कुटुंब असेल तर ओझे वाटले जाई, एरवी शेतीही तिच्याच माथी. त्यातच १९१८ चा पाऊस हुकला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझा आला. या साथीत ऐन तारुण्यातील स्त्रिया पुरुषांहून अधिक प्रमाणात दगावल्या. लेकुरवाळ्या सैनिकपत्नी बहुतांशी याच वयाच्या. सैन्यभरतीच्या जिल्ह्यांचा इतिहास लिहिणाऱ्यास म्हणूनच पलटणींच्या दप्तरासोबत १९२१ च्या जनगणनेचा अहवालही वाचावा लागेल.