हिंगण्याहून एल्सिनोरला



आपल्या स्मरणिकेत कोणी काशीयात्रेवर लिहिते, कोणी पंढरीच्या वारीवर. मी हर्सूल सोडून फार लांब गेलेली नाही. म्हणून स्वतःचा प्रवास न सांगता, एका थोर पुरुषाने आपणा स्त्रियांसाठी केलेल्या प्रवासाची हकीकत सांगते. ते पुरुष म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, सर्वांचे अण्णा. माझ्या लेकीने वाचनालयातून त्यांचे चरित्र आणले. दुपारची कामे आटोपल्यावर रोज थोडे थोडे करून मी ते वाचून संपविले आणि उरलेले तिला विचारून घेतले.

अण्णांचा जन्म १८५८ सालचा. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण ते खचले नाहीत. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तोच पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. पहिल्या वर्षी कॉलेजात मुली किती, तर अवघ्या पाच! शिकवणे मातृभाषेतून, आणि पदवीचे नावही आपल्याच भाषेतले, ‘गृहीतागमा’. ज्यांना घर सोडून येणे शक्य नाही, त्यांना घरी अभ्यास करून परीक्षा देण्याची सोयही त्यांनी ठेविली. संसारी बाईची अडचण त्यांनी ओळखली होती.

१९२९ मध्ये अण्णा परदेशी निघाले तेव्हा वय सुमारे एकाहत्तर! या वयात आपल्याकडे माणूस ओसरीवर बसून नातवंडे खेळवितो. ते इंग्लंडला गेले, जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत हिंदुस्थानातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर बोलले, आणि ऑगस्टमध्ये डेन्मार्क देशातील एल्सिनोर या गावी पोहोचले.

हे गाव समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्टीवर आहे. हर्सूलहून दिल्ली दरवाजा जेवढा लांब, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर पलीकडे स्वीडन देशाचा किनारा दिसतो. गावात शिरणाऱ्याला आधी दिसतो तो क्रोनबोर किल्ला. आपला देवगिरी डोंगरावर, हा मात्र अगदी पाण्याच्या काठी. तिथले राजे १४२९ पासून १८५७ पर्यंत येथून जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेत असत. शेक्सपियरने आपले ‘हॅम्लेट’ नाटक याच एल्सिनोरच्या किल्ल्यात घडविले आहे. त्या नाटकाचे मराठी रूप ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये आगरकरांनी केले. त्याच आगरकरांच्या फर्ग्युसन कॉलेजात अण्णा पुढे गणित शिकवीत असत. पाहा, कुठले कुठे धागे जुळतात!

जिथे राजाची जकात वसूल होई, तिथे त्या ऑगस्टमध्ये शिक्षणाची परिषद भरली. चाळीसहून अधिक देशांतील सुमारे दोन हजार शिक्षक व विचारवंत जमले होते. मुलांना छडीने न शिकविता त्यांच्या कलाने कसे शिकवावे, हा तिथला मुख्य विषय. बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाई तिथे होत्या, आणि त्यांच्या पद्धतीची आंतरराष्ट्रीय संस्था याच वेळी याच गावी स्थापन झाली. पुढे १९३९ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या खेड्यांत अंगणवाडी रुजविली, तीही याच विचाराच्या ओलाव्यावर. आज आपली नातवंडे अंगणवाडीत मणी ओवतात, त्याची एक मुळी तिकडे पोहोचते.

डेन्मार्कची मला सर्वांत भावलेली गोष्ट मात्र वेगळीच. तिथे ग्रुंटविग नावाच्या एका धर्मोपदेशकाने शेतकऱ्यांसाठी लोकशाळांची कल्पना मांडली. पहिली शाळा १८४४ मध्ये निघाली. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की तरुण मुलगे तिथे राहून शिकत, आणि उन्हाळ्यात मुली शिकत. ना परीक्षा, ना पदवी. इतिहास, गाणी, आपली भाषा, देशाची माहिती, आणि एकमेकांशी बोलणे. एल्सिनोरमध्येही १९२१ पासून अशी एक शाळा आहे, आणि तीत निरनिराळ्या देशांची माणसे एकत्र राहतात. म्हणजे मोठ्या माणसाने शाळेत बसावे, यात त्या देशाला काही लाजिरवाणे वाटले नाही.

अण्णांचा तिथला मुक्काम थोड्या दिवसांचाच. पुढे अमेरिका करून ते जपानला गेले. तिथल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचूनच त्यांना आपल्या विद्यापीठाची स्फूर्ती झाली होती. ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि १९३० मध्ये परत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा आफ्रिकेला निघाले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.

आता थोडे माझे. माझ्या माहेरी सातवीपर्यंतच शाळा होती. पुढची शाळा लांब, वाटेत ओढा, आणि मुलीला एकटी पाठवायची नाही असे घरच्यांचे मत. दप्तर बंद झाले ते झालेच. मुलांचे फॉर्म भरताना ‘आईचे शिक्षण’ या रकान्यात ‘सातवी’ लिहिताना माझा हात आजही थोडा थांबतो. पण एकाहत्तराव्या वर्षी जो माणूस शिकणाऱ्यांच्या सभेत जाऊन बसला, त्याच्यापुढे माझी चाळिशी ती काय?

दहावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म असतो. आपल्या मंडळातील आम्ही तिघींनी तो भरायचे ठरविले आहे. शनिवारी दुपारी हळदीकुंकवाच्या गप्पांऐवजी गणित घेऊन बसणार आहोत. अजून कोणाला यायचे असेल तर जरूर या. चहा माझ्याकडे.