चालतं घर विकत घेताना

माझ्या भाच्याला सेकंडहँड मोटरहोम घ्यायचं आहे. म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत कुणीतरी पलंग, शेगडी, बेसिन, छोटासा संडास बसवून घेतलेला, चार-पाच वर्षं वापरलेला, आणि आता विकायला काढलेला. पैसे भाऊजींच्या निवृत्तीचे. बेत असा की गुडघे साथ देताहेत तोवर ताई-भाऊजींनी देश बघून घ्यावा. बेत छान आहे, पण हा पैसा एकदाच येतो. म्हणून ताईने मला सांगितलं, "तू जरा बोल त्याच्याशी."

आता मी काही गाड्यांमधला तज्ज्ञ नाही. थोडीफार इतिहासाची आवड, एवढंच. त्यामुळे मोटरहोम म्हटल्यावर मला आधी आठवला तो लमाणांचा तांडा. हसू नका, आपल्या मुलखात संसार घेऊन फिरण्याचा सगळ्यात मोठा अनुभव कुणाला असेल तर तो याच लोकांना. आणि त्यांचं मोठं श्रद्धास्थान आपल्याच वाशीम जिल्ह्यात आहे, मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला. तिथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला ठिकठिकाणचे बंजारा लोक येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटनही झालं.

पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे निघाला होता. वाटेत त्याला एक तांडा भेटला. बैल किती? तर चौदा हजार! सगळ्यांच्या पाठीवर धान्य. बरोबर बायकामुलं, सगळा संसार. अशा तांड्यात सहा-सातशे माणसं असतात आणि दिवसाला सहा-सात मैलांच्या वर तो चालत नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. घर घेऊन फिरायचं तर घाई करून चालत नाही, हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

या लोकांची एक परंपरागत कथा आहे. शहाजहानचा वजीर आसफखान दख्खनच्या स्वारीवर आला, तेव्हा रसद वाहायला भंगी आणि जंगी हे दोन नाईक आपले बैल घेऊन बरोबर आले. त्यांना म्हणे सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला. त्यात लिहिलं होतं की पाणी कुठे मिळालं नाही तर लोकांच्या रांजणातलं घ्या, चारा मिळाला नाही तर घरांच्या छपरावरचं गवत घ्या. ताम्रपट खरा की दंतकथा, तो वाद बाजूला ठेवू. मला लक्षात राहतं ते वेगळंच. या माणसांनी बादशहाच्या वजिराकडून काय मागून घेतलं? जमीन नाही, वाडा नाही. पाणी, चारा आणि हाताशी एक पक्का कागद. चालत्या घराला लागतं ते हेच.

पुढे १८०३ मध्ये आपल्याच वऱ्हाडात आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला. त्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवण्यात बंजाऱ्यांचा मोठा वाटा होता. मग १८६७ साली मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी पोचली आणि बैलांच्या पाठीवरचा माल डब्यांत गेला. हळूहळू जंगलं राखीव होत गेली, गायरानं आक्रसली. बैल होते, माणसं होती, चालायची सवयही होती; पण वाहायला माल उरला नाही आणि रात्री उतरायला मोकळा तळ मिळेना. तांडे जागच्या जागी थांबले. आज आपल्याकडे गावाशेजारी ज्या वस्तीला आपण तांडा म्हणतो, ती अशीच थांबलेली आहे.

भाच्याला मी हेच सांगितलं. बाबा रे, गाडी आतून किती चकचकीत आहे ते शेवटी बघ. आधी कागद, मग वजन, मग पाणी आणि तळ.

कागदाचं म्हणजे असं. आरसी बुकात वाहनाचा प्रकार 'मोटर कॅराव्हॅन' लिहिलाय का ते बघायचं. पुष्कळ गाड्या कागदावर प्रवासी गाडीच असतात आणि आत घर असतं. मूळ बनावटीत मनाने बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. अशा गाडीला उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून ताडून बघायचे. बदली नावावर करायला नमुना २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडून नमुना ३५, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा नमुना २८. विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि तो चौदा दिवसांत. एमएच ३७ ची पाटी लागेपर्यंत सगळे पैसे द्यायचे नाहीत, हे माझं स्वतःचं मत.

वजनाचं लोक विसरतातच. आरसी बुकात रिकामं वजन आणि भारासहित कमाल वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. गाडी सोयाबीनच्या ट्रॉल्या मोजतात त्या वजनकाट्यावर न्यायची. पलंग, कपाटं, बॅटऱ्या धरून वजन आधीच काठावर आलं असेल तर माणसं आणि सामान कुठे ठेवणार? शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो. बैलाला किती लादायचं हे लमाणाला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

आता पाणी. टाकीतलं हवं, छतातलं नको. अशा गाडीत मोटार एक वयाची आणि घर दुसऱ्या वयाचं असतं. इंजिन धड असतं पण छताच्या सांध्यातून पाणी झिरपून प्लायवूड आतून कुजलेलं असतं. म्हणून गाडी उन्हाळ्यात नाही, आषाढात बघायची. कोपरे दाबून बघायचे, कपाटात डोकं घालून वास घ्यायचा. कुबट आला की नमस्कार करून निघायचं. गॅसच्या नळ्याही माणूस बोलावून तपासून घ्यायच्या.

टायरचंही तसंच. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बैल घेताना आपण दात बघतोच ना? दोन दाती, चार दाती, की जुळलेला? हे टायरचे दात समजा. आणि बैल जसा गाडीला जुंपून बघतात, तशी ही गाडी भरल्या टाकीनिशी एखाद्या घाटात चालवून बघायची.

राहता राहिला तळ. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कारवान पर्यटनाचं धोरण काढलं, कारवान पार्कची कल्पना त्यात आहे. पण धोरण म्हणजे तळ नव्हे. रात्री गाडी कुठे लावणार, पाणी कुठे भरणार, संडासाची टाकी कुठे रिकामी करणार, हे पहिल्या आठ मुक्कामांपुरतं तरी कागदावर लिहून काढ, म्हटलं. घरी ती गाडी उभी कुठे करणार, हेही. आठ नावं लिहिता आली तर घे. नाही आली, तर एखादी गाडी पंधरा दिवस भाड्याने घे आणि आईबाबांना फिरवून आण. भाऊजींना रात्री दोनदा उठावं लागतं, ते त्या अरुंद दारातून जमतंय का, हेही कळेल.

भाचा म्हणाला, "मामा, तू तर विकत घेऊच नको म्हणतोयस."

तसं नाही. घे की. पण तांडे थांबले ते बैल मेले म्हणून नव्हे, तळ गेले म्हणून. सध्या त्याची यादी पाच नावांवर अडकली आहे. सहावं नाव ताईने सुचवलंय, पोहरादेवी.