पाच गोलांची संध्याकाळ

कलकत्त्यात नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला त्या काळी कचेरीत दोन प्रश्न हमखास विचारले जात. पहिला, मासे खाता का? आणि दुसरा, मोहन बागान की ईस्ट बंगाल? पहिल्याचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे शेजारच्या टेबलावरच्या दादांनी परस्पर देऊन टाकले, "हा आपला, मोहन बागानचा!" तेव्हापासून मी हिरव्या-मरून रंगाचा झालो तो आजतागायत. यंदा स्मरणिकेसाठी कलकत्त्याची एखादी आठवण लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला आणि आठवला तो विजय नव्हे, पराभव. दिनांक ३० सप्टेंबर १९७५.

नव्या पिढीसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मोहन बागान क्लब १८८९ सालचा. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. एक खेळाडू सोडला तर सारे अनवाणी खेळले होते. तो विजय बंगालने स्वातंत्र्यलढ्यातला विजय मानला. ईस्ट बंगाल क्लब १९२० साली निघाला. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या लाखो निर्वासितांना या परक्या शहरात हक्काचे असे काही मिळाले ते या क्लबात. म्हणून इथला सामना नुसता बावीस जणांचा नसतो. एका बाजूला मूळचे 'घोटी', दुसऱ्या बाजूला पूर्वेकडून आलेले 'बांगाल'. हे जिंकले तर घरी चिंगडी, म्हणजे आपली कोळंबी. ते जिंकले तर इलिश.

त्या मंगळवारी शील्डची अंतिम लढत होती. पूजा दोन आठवड्यांवर आली होती. ईस्ट बंगालने त्याच वर्षी ओळीने सहाव्यांदा लीग जिंकली होती आणि त्यांचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. तिकीट मिळणे शक्यच नव्हते. आम्ही मेसमधली मंडळी रेडिओभोवती बसलो. पाचव्या मिनिटाला सुरजित सेनगुप्ताने गोल केला. मग श्याम थापाची पेनल्टी हुकली आणि आम्ही टाळ्या पिटल्या. तो आमचा त्या दिवसाचा एकमेव आनंद! चोविसाव्या मिनिटाला त्याच थापाने गोल केला. अडतिसाव्याला रणजित मुखर्जी. मध्यंतरालाच ३-०. उत्तरार्धात पुन्हा थापा आणि अखेरीस शुभंकर सन्याल. पाच-शून्य! शेवटचा गोल झाला तेव्हा रेडिओ चालू होता, पण ऐकणारे कोणी उरले नव्हते. दादा गॅलरीत पाठमोरे उभे होते. जेवायला कोणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ईस्ट बंगालवाले चिडवतील म्हणून मी धास्तावलो होतो. कोणी काही बोलले नाही. मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने त्या पराभवानंतर जीव दिला होता. पुढच्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन याचा वचपा काढीन, असे त्याने चिठ्ठीत लिहिले होते. हे कळल्यावर त्या पाच गोलांचे दुःख मला एकदम क्षुल्लक वाटले.

त्या संध्याकाळी आणखी एक तरुण असाच उद्ध्वस्त झाला होता. मोहन बागानचा गोलरक्षक भास्कर गांगुली. त्याला सामना चालू असतानाच बाहेर काढावे लागले. हा पोरगा संपला, असे आम्हीच म्हणत होतो. तो पुढच्या वर्षी ईस्ट बंगालमध्ये गेला, पुन्हा उभा राहिला, आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताचा कर्णधार झाला.

आणि आमचा वचपा? त्यासाठी पुढचा जन्म लागला नाही. १९७६ साली खुद्द पी. के. मोहन बागानकडे आले. त्या वर्षीच्या लीगमध्ये मोहम्मद अकबरने ईस्ट बंगालवर अवघ्या सतराव्या सेकंदाला गोल मारला. १९७७ मध्ये शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स चषक, तिन्ही घरी आले. श्याम थापाही आमच्याकडे आला. १९७८ मध्ये त्याने डोक्यावरून उलटी लाथ मारून ईस्ट बंगालवर केलेला गोल अजून लोक आठवतात. आणि २५ ऑक्टोबर २००९ रोजी पाच गोलही झाले, ५-३!

हे सारे पाहायला तो मुलगा हवा होता. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात दंगल होऊन सोळा प्रेक्षक प्राणाला मुकले. तेही हवे होते. खेळावर जीव लावावा, पण तो परत घरी घेऊन यावा, हे मी या शहरात शिकलो.

दादा आता नाहीत. त्या वर्षी दुर्गाविसर्जनाला घाटावर गर्दी ओरडत होती, "आस्छे बछोर आबार होबे!" पुढच्या वर्षी पुन्हा होईल! दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलेस? शील्डचेही तेच." मला आपले 'पुढच्या वर्षी लवकर या' आठवले. बाप्पाला पाण्यात सोडताना डोळे भरून येतात, तरी आपण रिकामा पाट घेऊन घरी येतोच ना? हरलेल्या संध्याकाळी आपल्या मुला-नातवंडांना एवढेच सांगावे.

गणपती बाप्पा मोरया!