‘सेल्फ’ का लागत नाही?

गाडी सुरू होत नसली की गॅरेजमधला मिस्त्री म्हणतो, “सेल्फ लागत नाही.” हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. हा शब्द आला तेव्हा मोटार ‘आपणहून’ सुरू होणे ही एक नवलाई होती. त्याआधी गाडीच्या पुढच्या बाजूला उभे राहून हँडल मारावे लागे.

ही कटकट मुळात का? वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब आधीच तयार असतो. झडप उघडली की दट्ट्या हलतो. पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. दट्ट्याने प्रथम इंधन व हवेचे मिश्रण आत ओढायचे, मग ते दाबायचे, आणि त्यानंतर ठिणगी पडायची. म्हणजे पहिले काही फेरे बाहेरून कोणीतरी द्यायलाच हवेत. हँडल मारताना ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी खटकी आधी सरकवावी लागे. ते विसरले तर मिश्रण वेळेआधी पेटे, इंजिन उलटे फिरे आणि हँडल उसळून मनगट मोडे. म्हणून नवशिक्याला पहिला धडा असे, की अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही.

मग विजेची मोटर का लावली नाही? अभियंत्यांचा हिशेब असा होता, की इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर आणि तिला पुरेशी बॅटरी गाडीत मावणारच नाही. हा हिशेब सतत चालणाऱ्या मोटरीचा होता. अमेरिकेतील डेटन शहरच्या चार्ल्स केटरिंग यांनी नेमका तोच तपासला. त्यांनी पूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची छोटी मोटर बसवली होती. तिला क्षणभरच काम करायचे असते. मोटरीवर मर्यादा येते ती तापण्याची. काही सेकंदांपुरता तिच्यातून नेहमीच्या अनेक पट प्रवाह जाऊ दिला तरी तिला जळण्याइतका वेळच मिळत नाही. या विचारावर त्यांनी स्टार्टर तयार केला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. १९१९ पासून फोर्डच्या ‘मॉडेल टी’लाही तो मिळू लागला. हातात फार जोर नसलेल्यांनाही आता पेट्रोलची गाडी चालवता येऊ लागली. गंमत अशी, की हँडल मारावे न लागणे हा त्या काळच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींचा मोठा गुण होता. तो एका विजेच्या मोटरीनेच हिरावून घेतला!

पण या युक्तीची एक किंमत आहे, ती म्हणजे प्रचंड प्रवाह. बिघाड शोधताना गाठ पडते ती याच्याशी.

उदाहरणासाठी १९८० च्या दशकातला फोर्डचा ‘एफ-१५०’ पिकअप ट्रक घेऊ. त्याची बॅटरी १२ व्होल्टची. हेडलाइटच्या ५५ वॉटच्या दिव्याला साडेचार अँपिअर पुरतात, तर त्याच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला फिरवताना स्टार्टर १५० अँपिअर किंवा अधिक प्रवाह घेतो. एवढा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून नेता येत नाही. म्हणून तिथे दोन वाटा आहेत. किल्लीपासून रिलेपर्यंत जाणारी छोटी वाट, आणि बॅटरी, रिले, मोटर, इंजिनाचे धड व परत बॅटरी अशी मोठी वाट. चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, बॅटरीजवळ हा रिले सहज दिसतो.

आता लक्षणे पाहू. किल्ली फिरवून काहीच आवाज नाही, पण दिवे लख्ख आहेत, तर संशय छोट्या वाटेवर: किल्लीचा स्विच, तारा, रिलेचे वेटोळे, किंवा गिअर ‘न्यूट्रल’मध्ये नसेल तर प्रवाह अडवणारा स्विच. टकटकटक असा आवाज येत असेल, तर रिले ओढला जातो, भार पडताच विद्युतदाब कोसळतो, रिले सुटतो, दाब पुन्हा चढतो, असे चक्र चालू आहे. बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा जोड खराब असतो. एकच ‘टक्’ झाला, तर मोठ्या वाटेतील जोड, रिलेचे जळके संपर्क, मोटरीचे झिजलेले ब्रश किंवा अडकलेले इंजिन तपासायचे. मोटर नुसतीच भिरभिरत असेल, तर तिचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरत नाही.

येथे एक फसगत होते. किल्ली बंद ठेवून मल्टीमीटर लावला, की केबलच्या टोकाला १२.६ व्होल्ट दिसतात. आपण म्हणतो, “वीज तर येतेय, म्हणजे मोटरच गेली,” आणि नवी मोटर आणतो. तरीही गाडी ढिम्म! ओहमचा नियम आठवा. प्रवाहच नसेल तर रोधात विद्युतदाब घटणारच नाही. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.०२ ओहम धरू. त्यातून १५० अँपिअर वाहू लागले की ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि ४५० वॉट उष्णता त्या जोडात निर्माण होते. इतका सूक्ष्म रोध साधा मल्टीमीटर नीट दाखवू शकत नाही. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, ठिणगीची जोडणी काढून ठेवायची. सहकाऱ्याने किल्ली फिरवली असता एकेका जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, की चोर सापडला. इंजिनाच्या धडाकडून परत येणारी वाटही अशीच तपासायची. ती बहुतेकजण विसरतात.

वर्गात हे दाखवायला ट्रक नको. दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा दिवा आणि १० ओहमचा रोध एकसरीत जोडा. दिवा काढून त्याच्या जागी मीटर लावा: जवळजवळ ३ व्होल्ट! आता दिवा बसवून त्याच्याच टोकांना मीटर लावा. दाबाचा बराचसा वाटा रोधाने खाल्लेला दिसेल. स्वस्थ बसलेल्या परिपथाची परीक्षा आणि काम करणाऱ्या परिपथाची परीक्षा यांत केवढा फरक असतो, हे विद्यार्थी मग सहसा विसरत नाहीत.