राणीच्या बागेत जाणारं कारंजं

साल १८६४. तुम्ही मुंबईच्या कोटाबाहेर उभे आहात. खरं तर कोट आता उरलाच नाही. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हुकमाने तट पाडलाय. जिथे चर्चगेटचा दरवाजा होता, तिथे इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचं कारंजं उभं आहे. हात लावून बघा. आपल्या काळ्या पाषाणासारखा हा कठीण नाही. फिकट चुनखडीचा आहे, छिन्नीला चटकन वश होणारा. म्हणून तर शिखरावरच्या फ्लोराच्या, रोमनांच्या त्या पुष्पदेवतेच्या, वस्त्राची चुणी न चुणी उठून दिसते. तिच्या पायाशी शिंपले, डॉल्फिन, कोपऱ्यांवर पुराणकथांतल्या आकृती. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, मूर्तिकाम जेम्स फोर्सिथचं.

गर्दीत खर्चाची चर्चा चाललीय. ४७ हजार रुपये! त्यातले २० हजार एकट्या कर्सेटजी फर्दुनजी पारेखांचे. कापसाच्या तेजीत न्हालेल्या शहराला ही रक्कम जड नाही. कारंजं मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी होतं, आणि नाव फ्रिअरचं लागणार होतं. दोन्ही टळलं हे फार बरं झालं. बागेत ते नुसती शोभा होऊन राहिलं असतं. इथे त्याच्याभोवती चौक झाला, ट्राम आली, आधी घोड्यांची, मग विजेची.

आता २१ नोव्हेंबर १९५५. त्याच फ्लोराखाली तुम्ही खांद्याला खांदा लावून उभे आहात. गिरणी कामगार आहेत, कारकून आहेत, पोरसवदा विद्यार्थी आहेत. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची नाही, एवढंच मागणं घेऊन मोर्चा विधानसभेकडे निघालाय. पोलिसांनी वाट अडवलीय. अश्रुधुराने डोळे चुरचुरतात, लाठ्या चालतात, आणि मग गोळ्यांचा आवाज येतो. त्या दिवशी १५ माणसं गेली. शॉच्या आराखड्यात या चौकाचा हा अर्थ कुठेच नव्हता. तो या माणसांनी दिला.

शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराचं स्मारकशिल्प अशा हुतात्म्यांसाठीच उभं आहे. २०१९ साली पूर्ण झालेल्या दुरुस्तीत कारंज्यावरचे रंगाचे थर काढून मूळ दगड उघडा केला गेला. त्या कामात जमिनीखालून ट्रामचे रूळही निघाले. आता हुतात्मा चौक म्हणवणाऱ्या या चौकातून जाताना घाईत असलात तरी दोन मिनिटं थांबा, आणि स्मारक व कारंजं एकत्रच बघा.