किल्लारी : भिंतींचा इतिहास

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून गावे उशिरा निजली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ ही गावे क्षणार्धात ढिगारे झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली.

हा भूकंप ६.२ क्षमतेचा होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही साधारण याच तोलाचा. तेथे वस्ती विरळ होती आणि बळी सुमारे दोनशे. मग किल्लारीत एवढा संहार का झाला? आम्हांला वाटते, याचे उत्तर भूगर्भाइतकेच भिंतींत शोधावे लागते.

मराठवाड्यातील माळवदाचे घर म्हणजे काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि लाकडी खांब-तुळयांवर पेललेले मातीचे जड छप्पर. ऊन आत येऊ नये, चोर शिरू नये, म्हणून खिडक्या लहान. भिंत जितकी रुंद, तितकी घराण्याची प्रतिष्ठा मोठी. त्या रात्री दगडाला दगड धरून राहिला नाही. भिंती ढासळल्या आणि छपराची माती निजलेल्यांवर आली. कुडाच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांनी मात्र आतल्या माणसांना बहुधा जगू दिले. पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षिततेची खूण मानलेली गोष्टच घात करून गेली.

शास्त्रानेही या भूमीला निर्धास्त मानले होते. भूकंपाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. २००२ च्या सुधारित नकाशात ती तिसऱ्या क्षेत्रात गेली. खरे तर १९९२ च्या ऑक्टोबरात येथे धक्के जाणवले होते. इशारा मिळाला होता. पण भिंती कोण उतरवणार?

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसली. रुंद रस्ते, आखीव ओळी, हलकी घरे आली. गल्ली, पार, शेजाराची जुनी वीण मात्र विस्कटली. नवी घरे सुरक्षित आहेत, पण ती आपली वाटायला पिढी जावी लागते.

भूकंप टाळता येत नाही. घर कसे बांधायचे, हे मात्र आपल्या हाती असते. किल्लारीचे स्मरण दरवर्षी ३० सप्टेंबरला होते. ते गवंड्याच्या ओळंब्यापर्यंत पोहोचावे, तरच त्याला अर्थ.