दोन डब्यांमधील वीज

उज्जयिनीचे नाव निघाले की महाकाळाचे मंदिर, क्षिप्रेचे घाट, कालिदास आणि सवाई जयसिंगाची वेधशाळा यांचे स्मरण होते. तेथील रेल्वे स्थानकाचे स्मरण सहसा कोणाला होत नाही. वस्तुतः गेल्या दीडशे वर्षांत महाकाळाच्या दर्शनास दूरदूरहून जे यात्रेकरू आले, त्यांतील असंख्यांनी या नगरीची पहिली ओळख फलाटावर उतरूनच करून घेतली. हे स्थानक इतर अनेक स्थानकांहून एका गोष्टीत वेगळे आहे. इंदूरहून देवासमार्गे येऊन भोपाळकडे जाणाऱ्या गाड्यांना येथे तोंड फिरवावे लागत आले आहे. इंजिन एका टोकाचे सुटते आणि दुसऱ्या टोकाला लागते. जो डबा शेवटचा होता तो पहिला होतो आणि गाडी आलेल्या अंगानेच पुन्हा बाहेर पडते.

या वेळी कोणी फलाटाच्या टोकाशी जाऊन पाहिले, तर इंजिन व डबा यांच्यामधील चिंचोळ्या जागेत एक माणूस वाकून काम करताना दिसतो. तेथे ओढण्याचा आकडा असतो, ब्रेकच्या हवेची नळी असते आणि अलीकडच्या गाड्यांत मनगटाएवढ्या जाड विजेच्या तारा असतात. आकडा नसेल तर गाडी हलणार नाही आणि नळी नसेल तर ती थांबणार नाही, हे कोणासही कळते. तारांचे महत्त्व मात्र त्या तुटेपर्यंत ध्यानात येत नाही. डब्यातील दिवा कोणाच्या जिवावर जळतो, हा प्रश्न आगगाडीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. प्रत्येक डब्याने आपला उजेड आपणच निर्माण करावा, की एकाने निर्माण करून तो डब्यामागून डब्याला पोहोचवावा? या दोन मतांमध्ये रेल्वेचे अभियंते गेली सव्वाशेहून अधिक वर्षे हेलकावे खात आहेत.

उज्जैनला रेल्वे आली ती मराठी संस्थानिकांच्या पैशावर, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणास ठाऊक नसते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये 101 वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. त्यामागोमाग ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी इंदूर-नीमच मार्गासाठी 75 लाख रुपये दिले. या मार्गाला शिंद्यांचेच नाव मिळाले आणि फतेहाबादहून उज्जैनला आलेली त्याची शाखा 1876 साली सुरू झाली. हे रूळ मीटरगेज होते. पुढे 1896 साली भोपाळहून ब्रॉडगेज मार्ग आला. तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनी चालवीत असे, तर जुना मार्ग बॉम्बे-बडोदा कंपनीकडे गेला. अशा रीतीने दोन कंपन्या आणि दोन मापांचे रूळ एकाच गावी येऊन भेटले. जंक्शन म्हटले की डबे सुटणार, दुसऱ्या गाडीला लागणार, त्यांची अदलाबदल होणार. विजेच्या कथेत या अदलाबदलीला फार महत्त्व आहे.

त्या पहिल्या गाड्यांत वीज नव्हतीच. छताला भोक पाडून त्यातून तेलाचा दिवा आत सोडीत. संध्याकाळ झाली की दिवेवाला टपावरून चालत जाऊन एकेक दिवा लावी. वाऱ्याने दिवा विझला तर पुढच्या मोठ्या स्थानकापर्यंत काळोख, आणि न विझला तरी काजळी व थेंब थेंब गळणारे तेल हे प्रवाशांच्या वाट्याला असेच. पुढे बर्लिनच्या ज्युलियस पिंट्श यांनी तेलापासून केलेला वायू दाबून नळकांड्यात भरण्याची युक्ती काढली. डब्याखाली नळकांडे आणि आत वायूचा दिवा, अशी ही व्यवस्था जगभर पसरली. हिंदुस्थानातील मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली. तिचा उजेड चांगला होता. पण लाकडी डबे, खाली दाबलेला ज्वलनशील वायू आणि आत जळती ज्योत, हा संसार किती घातक होता ते अपघाताच्या वेळी कळे. 1915 च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे गाड्यांची टक्कर झाली आणि वायूच्या दिव्यांच्या जुन्या लाकडी डब्यांनी पेट घेतला. दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य युद्धावर निघालेले सैनिक होते. डब्यांत वीज हवी ही मागणी त्याआधीच सुरू झाली होती. अशा अपघातांनंतर तिला उत्तर देणे कंपन्यांना कठीण झाले.

विजेचा पहिला प्रयोग तोवर जुना झाला होता. 1881 च्या ऑक्टोबरात लंडन ते ब्रायटन या मार्गावर 'बिआट्रिस' नावाचा एक पुलमन डबा विजेच्या दिव्यांनी उजळून धावला. वीज बॅटरीतून घेतली होती आणि बॅटरी गाडी निघण्यापूर्वी भरून ठेवावी लागे. एका डब्याची हौस म्हणून हे ठीक होते. साऱ्या गाडीला कसे पुरावे? त्याच रेल्वेचे मुख्य यंत्रज्ञ विल्यम स्ट्राउडली यांनी त्या दशकात वेगळा मार्ग धरला. गार्डच्या डब्यात त्यांनी डायनामो ठेवला, तो त्या डब्याच्या चाकांवर फिरविला आणि तेथून तारा काढून सगळ्या डब्यांना वीज दिली. दोन डब्यांमधून जाणारी विजेची जोडतार येथे प्रथमच नित्य व्यवहारात आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही कल्पना सरळ होती, पण जंक्शनने तिला हरविले. वाटेत एखादा डबा काढून दुसऱ्या गाडीस जोडला की त्याचा उजेड मागे राहिलेल्या गार्डच्या डब्याबरोबर जाई. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत तारा नसल्या, किंवा असून जोड वेगळा असला, की तो डबा अंधारात. सदैव एकत्र राहणाऱ्या गाड्यांपुरतीच ही पद्धत चालण्याजोगी होती. उज्जैनसारख्या ठिकाणी, जेथे एका कंपनीचा डबा दुसरीच्या गाडीला लागावयाचा, तेथे ती टिकती ना.

तोड काढली लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील जे. स्टोन आणि कंपनीने, 1890 च्या दशकाच्या मध्यास. प्रत्येक डब्याखाली एक लहान डायनामो टांगावयाचा आणि चाकांच्या आसावरून कातडी पट्ट्याने तो फिरवावयाचा, जोडीला बॅटरी. गाडी धावताना बॅटरी भरे आणि गाडी उभी असताना तीच दिवे जाळी. यातील अडचण अशी की आगगाडीची गती कधी एकसारखी नसते. गती दुप्पट झाली तर डायनामोही दुपटीने फिरणार, विजेचा दाब वाढणार आणि दिव्यांच्या तारा जळून जाणार. स्टोनच्या पद्धतीतील उत्तर शहाणपणाचे होते. डायनामो घट्ट न बसविता एका कोपऱ्याशी झुलता टांगला आणि त्याच्या वजनानेच पट्ट्यास ताण दिला. गती ठराविक मर्यादेपलीकडे गेली की पट्टा डायनामोला आसाकडे ओढी, त्यामुळे पट्टा सैल पडे आणि घसरू लागे. आस कितीही जोराने फिरो, डायनामोची गती तेथून पुढे वाढत नसे. यंत्रशास्त्रात पट्टा घसरणे हा दोष समजतात. येथे त्या दोषालाच नोकरीस लावले होते.

दुसरी अडचण थेट उज्जैनच्या फलाटावरची म्हणावी अशी होती. गाडीचे तोंड फिरले की आस उलट फिरतो, आणि आस उलट फिरला की डायनामोतून निघणाऱ्या प्रवाहाची दिशाही उलटते. तो तसाच बॅटरीत गेला तर बॅटरी भरण्याऐवजी तिची नासाडी होईल. यासाठी डायनामोच्या टोकाशी एक स्वयंचलित कळ बसविली होती. फिरण्याची दिशा पाहून ती जोड आपोआप बदली, आणि पुरेशी गती आल्यावाचून डायनामोस बॅटरीशी जोडीतही नसे. एवढे झाल्यावर डबा स्वतंत्र झाला. तो कोणत्याही गाडीला, कोणत्याही बाजूने लावावा. त्याचा उजेड त्याच्याबरोबर जाई.

हिंदुस्थानात हे दिवे सरसकट बसविण्याचा मान मोठ्या इंग्रज कंपन्यांकडे जात नाही. 1902 साली जोधपूर रेल्वेने आपल्या डब्यांत विजेचे दिवे ही नेहमीची सोय केली. वाळवंटातील एका संस्थानी रेल्वेने यात आघाडी घेतली. पुढील अर्ध्या शतकात इतर रेल्वेंनीही हीच वाट धरली. दाब ठेवला 24 व्होल्टचा. तो हाताळण्यास निर्धोक होता, पण त्यात पिवळट दिवे आणि मंद पंखे यांपलीकडे फारसे काही भागत नसे. पुढे तो 110 व्होल्ट झाला आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर आले, परंतु पट्ट्याचे राज्य संपले नाही. पट्टा तुटे, पावसात घसरे, आणि चांगले कातडे म्हणून यार्डात उभ्या गाडीखालून चोरीसही जाई. पट्टा गेला की बॅटरी थोडा वेळ तग धरी, मग दिवे लालसर होत जाऊन विझत.

स्वतंत्र डब्याचे दुखणे यात्रेच्या काळात विशेष जाणवावे असे होते. सिंहस्थात उज्जैनला लागोपाठ जादा गाड्या येतात. गर्दीच्या मार्गावर गाडी हळू चालते, सिग्नलपाशी ताटकळते, यार्डात तासन् तास उभी राहते. डायनामो तर धावत्या चाकांवर जगणारा. सावकाश चालून पुष्कळ थांबणाऱ्या गाडीत बॅटरीतून वीज जाते अधिक आणि येते कमी. लहानमोठी मुले, म्हातारी माणसे, गाठोडी यांनी खच्चून भरलेल्या डब्यात मध्यरात्री अंधार होणे ही केवळ गैरसोय नव्हे; चोरांना पर्वणी आणि उतरणाऱ्यांच्या जिवाला धोका असा तो प्रसंग असतो.

यासाठी डब्यांच्या टोकाच्या भिंतींवर तारा जोडण्याची टोके ठेवलेली असतात. एखादा डबा अंधारात गेला तर शेजारच्या डब्याच्या टोकांपासून त्याला तात्पुरती तार जोडून वीज द्यावयाची. शेजारणीकडून विस्तव मागून आणावा तसाच हा प्रकार. अर्थात ज्याच्याकडून घ्यावयाचे त्याचीही बॅटरी बेताचीच. म्हणून पंखे बंद करून दिव्यांपुरती वीज घेणे शहाणपणाचे. अभियंत्यांनी स्वतंत्र डब्याचा सिद्धान्त स्वीकारला खरा, पण अडचणीसाठी जोडतार हाताशी ठेवली.

या सिद्धान्तास पहिला मोठा धक्का दिला तो थंड हवेने. मुंबईहून पेशावरला जाणारी फ्राँटियर मेल उज्जैन जिल्ह्यातील नागद्यावरून जात असे. 1934 साली तिला हवा थंड केलेला डबा लागला, तेव्हा डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरून त्यांवरून हवा खेळवीत आणि ठराविक स्थानकांवर नवा बर्फ घालीत. पट्ट्यावरच्या डायनामोने एवढे काम झेपण्याजोगे नव्हते, हे त्याचे उघड कारण. यंत्राने थंडावा देणारे डबे आले तेव्हा त्यांच्याखाली मोठमोठे अल्टरनेटर टांगावे लागले. सगळी गाडीच वातानुकूलित करावयाची ठरल्यावर मात्र हा मार्ग पुरेना.

1 मार्च 1969 रोजी हावडा-नवी दिल्ली राजधानी एक्सप्रेस निघाली, तेव्हा स्ट्राउडलींचा गार्डचा डबा जणू नव्या रूपाने परतला. गाडीच्या टोकांना डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांचे डबे लावले आणि तेथून तारांनी साऱ्या गाडीला वीज दिली. 1972 साली मुंबईची राजधानी नागद्यावरून धावू लागली, तिचीही व्यवस्था हीच. वीज आता त्रिकला होती. दाब प्रथम 415 व्होल्ट, आणि पुढे जर्मन बनावटीच्या डब्यांबरोबर 750 व्होल्ट. 24 व्होल्टच्या काळात चुकून तारेला हात लागला तर झिणझिणीही येत नसे. येथे तीच चूक प्राण घेते. म्हणून जोडाची टोके झाकणाखाली असतात, आणि आधी पुरवठा बंद करावयाचा व मगच जोड काढावयाचा किंवा लावावयाचा, असा कडक नियम आहे. दोन डब्यांमध्ये वाकलेल्या त्या माणसाचे आयुष्य या क्रमावर अवलंबून असते. पाऊस, धूळ, डब्यांचे अखंड हिसके यांत हा जोड शाबूत ठेवणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. एक जोड ढिला झाला की तो तापतो, आणि तापलेला जोड आगीचे मूळ होतो.

जनित्राच्या डब्यांनी थंडावा दिला, पण डिझेलचा धूर व कानठळ्या बसविणारा आवाजही दिला. त्यात एक विसंगती अशी की, मुंबई-दिल्ली मार्गाचे विद्युतीकरण 1980 च्या दशकात पुरे झाल्यावर गाडीच्या डोक्यावर 25,000 व्होल्टची तार होती, इंजिन तीतून वीज घेत होते आणि मागे दिव्यांसाठी डिझेल जळत होते. ही विसंगती दूर होण्यास बराच काळ लागला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंजिनातच वेगळी परिवर्तक यंत्रे बसवून वरच्या तारेची वीज 750 व्होल्टवर आणून मागील डब्यांना देण्यात येऊ लागली. एक जनित्राचा डबा राखीव म्हणून राहिला, दुसऱ्याच्या जागी प्रवाशांनाही जागा मिळाली.

उज्जैनसारख्या तोंड फिरविण्याच्या स्थानकाला मात्र या सुधारणेने जुनाच प्रश्न पुन्हा घातला. इंजिन सुटले की वीजही सुटली. तेवढ्या वेळापुरते राखीव जनित्र चालवावे, नाहीतर बॅटरीवरचे मोजके दिवे तेवढे जळावेत. नवे इंजिन दुसऱ्या टोकाला लागून तारा जोडल्यावाचून थंडावा परत येत नाही. स्टोनचा पट्ट्याचा डायनामो गैरसोयीचा होता खरा, पण इंजिन सुटल्याची वार्ता त्याच्या दिव्यांना कधी कळत नसे.

याला उत्तर दुसऱ्याच घराण्यातून आले. 1897 साली शिकागोच्या उंचावरील रेल्वेत फ्रँक स्प्रेग यांनी अनेक डब्यांतील मोटारी एकाच चालकाच्या हाती देण्याची युक्ती काढली. डब्यांमधून जाणाऱ्या बारीक तारा बळ नेत नसत, हुकूम नेत. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची गाडी सुरू झाली ती याच घराण्यातील. मुंबईकर रोज तीतून जातो आणि गाडीच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते हे गृहीत धरतो. 2019 साली आलेली वंदे भारत गाडी हे त्याचेच दूरच्या प्रवासाचे रूप. 2023 च्या जूनमध्ये भोपाळ-इंदूर वंदे भारत उज्जैनमार्गे सुरू झाली आणि त्याच वर्षी ती नागपूरपर्यंत वाढविण्यात आली. इंदूरहून आलेली ही गाडी उज्जैनला उभी राहते, तेव्हा चालक एका टोकाची खोली सोडतो आणि दुसऱ्या टोकाच्या खोलीतून गाडीचा ताबा घेतला जातो. आकडा निघत नाही, तार सुटत नाही, आणि गाडी भोपाळकडे निघते तेव्हा आतील दिवे आधी जळत होते तसेच जळत असतात.